मुदतबंद अनुदान आणि पिढ्यांची जखम

कॅनडाच्या केंद्र सरकारचे आर्थिक वर्ष आपल्याकडच्याप्रमाणेच ३१ मार्चला संपते; आणि मार्चअखेरच्या ज्या धांदलीत आपल्या कचेऱ्यांतून शिल्लक तरतुदी कशाबशा खर्ची घातल्या जातात, त्याच मार्चअखेरीस २०१० साली त्या संपन्न देशातील १३४ लहानमोठ्या उपक्रमांचे अनुदान, कोणावर ठपका नाही की कोणाची तक्रार नाही, केवळ मुदत संपली एवढ्या एका कारणास्तव बंद पडले. हे उपक्रम तेथील मूलनिवासी समाजांचे होते, बहुतांशी त्यांच्याच वस्त्यांतून चालत होते, आणि शतकाहून अधिक काळ चाललेल्या एका सरकारी व्यवस्थेने ज्या मनांची मोडतोड केली त्यांना, व त्यांच्या पोटी जन्मलेल्या तरुण पिढीला, पुन्हा उभे राहण्यास साहाय्य करणे हे त्यांचे काम होते. जखम करणारी व्यवस्था अंदाजपत्रकाच्या कायम सदराखाली पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली, आणि ती जखम भरून काढणारे काम मात्र मुदतबंद मंजुरीवर, जीव मुठीत धरून जगले, या विसंगतीविषयी मला लिहावयाचे आहे.

त्या व्यवस्थेचा इतिहास आता पुष्कळांच्या कानावरून गेलेला आहे. तिचा जमाखर्च मात्र फारसा कोणी पाहत नाही. निकोलस फ्लड डेव्हिन या गृहस्थांनी अमेरिकेतील तशा शाळांची माहिती घेऊन, मूलनिवासी मुलांना आईबापांच्या सावलीपासून दूर ठेवून शिकवावे अशी शिफारस १८७९ साली केली, आणि थोड्याच वर्षांत निरनिराळ्या ख्रिस्ती मिशनांच्या हाती सोपविलेल्या निवासी शाळांचे जाळे देशभर पसरले. १८९२ पासून या शाळांना सरकारी खजिन्यातून दरडोई अनुदान मिळू लागले. दरडोई अनुदान ही वरवर पाहता हिशेबाची एक निरुपद्रवी रीत आहे. परंतु डोकी जितकी अधिक तितका पैसा अधिक, असा तिचा व्यवहारात अर्थ झाल्यामुळे आजारी मुलेही भरती करून घेतली गेली, निजण्याच्या दालनांत दाटी झाली, अन्नवस्त्रावरचा खर्च आखडला, आणि क्षयरोगाला मोकळे रान मिळाले. सरकारचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ साली प्रेअरी प्रदेशातील शाळांची पाहणी करून हा सर्व प्रकार वरिष्ठांच्या नजरेस आणला. अहवाल दप्तरी दाखल झाला. पुढे १९२० साली कायद्यात दुरुस्ती झाली ती शाळा सुधारण्यासाठी नव्हे, तर मुलांची हजेरी सक्तीची करण्यासाठी. आणि ब्राइस यांना आपले म्हणणे लोकांपुढे मांडण्याकरिता सेवेतून बाहेर पडल्यावर, १९२२ मध्ये, स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. शेवटची शाळा बंद झाली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे ज्यांच्या केसांत अजून पांढरा केस शोधावा लागेल अशी माणसेही तिच्या माजी विद्यार्थ्यांत आहेत.

मग त्यानंतर जन्मलेल्या, त्या शाळेची पायरीही न चढलेल्या मुलामुलींना ही जखम झाली कोठून, असा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि तो प्रश्न सर्वस्वी दुष्टबुद्धीने विचारलेला असतो असेही नाही. ज्या मुलाला सहासात वर्षांचे असताना घरातून उचलून नेले, आईच्या भाषेत बोलल्याबद्दल चोप दिला, तुझे लोक रानटी आहेत हे वर्षानुवर्षे पढविले, आणि ज्याला त्या सर्व काळात कोणी जवळ घेऊन निजविले नाही, तो पुढे स्वतः बाप झाला तेव्हा मुलाला जवळ कसे घ्यावे हे त्याला ठाऊकच नव्हते; जे ठाऊक होते, म्हणजे ओरडणे, मारणे, तोंड मिटून बसणे आणि पिणे, तेच त्याच्याकडून मुलाला मिळाले. त्यात भर अशी की, त्या मुलाने घराबाहेर पाऊल टाकले की शाळेत, पोलीस ठाण्यात, दवाखान्याच्या दारात, बापाला ज्या नजरेने पाहिले गेले त्याच नजरेने त्यालाही पाहिले जाते. घरातील मौन आणि बाहेरील तुच्छता या दोहोंच्या कचाट्यात वाढणाऱ्या तरुणाचे दुःख केवळ त्याचे एकट्याचे मानून त्यावर गोळी लिहून देणे म्हणजे नदीचे पाणी गढूळ झाले म्हणून आपल्या तांब्यातले तेवढे गाळून घेण्यासारखे आहे.

ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तरेस, जेम्स उपसागराजवळ, अटावापिस्काट नावाची क्री लोकांची सुमारे दोन हजार लोकसंख्येची वसाहत आहे. एप्रिल २०१६ मध्ये तेथे एकाच रात्री अकरा जणांनी आत्महत्येचा प्रयत्न केला आणि वसाहतीच्या पंचांना आणीबाणी जाहीर करावी लागली. आदल्या शरद ऋतूपासून तेथे असे प्रयत्न शंभराच्या घरात गेले होते, आणि ते करणाऱ्यांत सर्वांत लहान जीव अकरा वर्षांचा, तर सर्वांत वृद्ध एकाहत्तर वर्षांचा होता. निवासी शाळांच्या पिढीतला आजा आणि कधीच न गेलेला नातू एकाच यादीत यावेत, यापेक्षा अधिक पुरावा मागणाऱ्याला पुरावा नकोच असतो. बातमी जगभर झाली, राजधानीत भाषणे झाली, समुपदेशक विमानाने तातडीने रवाना झाले. संकट आले की धावून जाणे सरकारला जमते; संकट येऊ नये म्हणून वर्षानुवर्षे तेथे बसून राहणे त्याला जमत नाही, कारण बसून राहण्याची बातमी होत नाही.

बसून राहण्याचा एक प्रयत्न झाला होता, आणि तो उत्तम होता. ओका येथील मूलनिवासींच्या १९९० मधील संघर्षानंतर त्यांच्या प्रश्नांवर नेमलेल्या शाही आयोगाने १९९६ साली आपला पाच खंडांचा अहवाल दिला. त्याला उत्तर म्हणून जानेवारी १९९८ मध्ये सरकारने निवासी शाळांविषयी खेद व्यक्त केला आणि तेथे झालेल्या शारीरिक व लैंगिक अत्याचारांचे जे परिणाम पिढ्यांपर्यंत उतरले त्यांवर उपाय करण्यासाठी ३५ कोटी डॉलर बाजूला काढले. या रकमेचा कारभार पाहण्यास ३१ मार्च १९९८ रोजी ॲबोरिजिनल हीलिंग फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, पैसा सरकारचा असला तरी कोणास किती द्यावयाचा हे ठरविणारे मंडळ मूलनिवासींचेच होते, आणि त्याचे अध्यक्ष जॉर्जेस इरॅस्मस हे डेने समाजाचे पुढारी स्वतः त्या शाही आयोगाचे सहअध्यक्ष होते. म्हणजे ज्यांनी दुखण्याचे निदान केले त्यांच्याच हाती औषधाची थैली आली. सरकारी कारभारात असा योग क्वचितच जुळून येतो.

या पैशातून काय झाले? कोठे तरुणांना वडीलधाऱ्यांबरोबर रानात आणि नदीकाठी नेऊन जाळी लावणे, कातडी कमावणे, होडी वल्हविणे शिकविले गेले. कोठे सर्वांनी वर्तुळात बसावे, एकाने बोलावे आणि त्याचे संपेपर्यंत इतरांनी अवाक्षर काढू नये, अशा बैठका चालल्या. कोठे तापलेल्या दगडांच्या वाफेत बसून शुद्ध होण्याचा पूर्वापार विधी पुन्हा सुरू झाला. आणि कोठे पदवीधर मानसतज्ज्ञाकडून रीतसर उपचारही झाले, कारण आधुनिक वैद्यकाला या लोकांनी कधी पाठ दाखविली नव्हती. नातवाने आजीला प्रथमच विचारावे की तुला तेथे काय झाले होते, आणि आजीने प्रथमच उत्तर द्यावे, ही अशा कार्यक्रमांतील सर्वांत मोलाची घटना; परंतु ती कोणत्या रकान्यात लिहावी हे कोणताही हिशेबनीस सांगू शकत नाही. संस्थेने २००६ साली आपल्या कामाचा जो सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, त्यात एका वस्तीचा पाया घट्ट बसण्यास सरासरी दहा वर्षे अखंड काम व्हावे लागते, असा निष्कर्ष होता. अखंड हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पहिली काही वर्षे लोक बोलावे की न बोलावे या संकोचातच जातात. मग एकदम वाचा फुटते, जुन्या गोष्टी वर येतात, आणि वरकरणी परिस्थिती पूर्वीपेक्षा बिघडल्यासारखी दिसते. नेमक्या त्याच वेळी अनुदान थांबले, तर उघडलेली जखम तशीच सोडून वैद्य निघून गेल्यासारखे होते.

तसेच झाले. निवासी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या दाव्यांतील न्यायालयीन तडजोडीतून २००७ साली आणखी साडेबारा कोटी डॉलर मिळाल्यामुळे संस्थेचे आयुष्य काही वर्षे वाढले. जून २००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत उभे राहून जाहीर क्षमायाचना केली, आणि ती पाहताना अनेक वृद्धांना अश्रू आवरले नाहीत. त्यानंतर दोन वर्षांच्या आत आलेल्या अंदाजपत्रकात संस्थेसाठी नवी तरतूद नव्हती. सरकारनेच करविलेल्या मूल्यमापनाने, डिसेंबर २००९ मध्ये, हे काम परिणामकारक असून पुढे चालू ठेवण्याचा विचार व्हावा असे मत दिले होते. संसदेत मार्चअखेरीस तातडीची चर्चाही झाली. तरीही १३४ उपक्रमांचा पैसा थांबला, आणि उरलेले काम आवरून संस्था २०१४ मध्ये बरखास्त झाली. सरकारचे म्हणणे असे की, आम्ही पैसा कमी केलेला नाही, तो आरोग्य खात्याकडे वळविला आहे, आणि पीडितांना तेथून समुपदेशन मिळेलच. हे म्हणणे खोटे नव्हते. परंतु ज्याचे दुखणे असे आहे की सरकारी माणसांनी येऊन त्याला त्याच्या माणसांतून वेगळे काढले, त्याच्या उपचारासाठीही सरकारी यादीतल्या माणसाने येऊन त्याला एका खोलीत वेगळे बसवावे, यातील विपर्यास खात्याच्या ध्यानात आला नाही, असे म्हणणे भाग आहे.

या ठिकाणी प्रतिपक्षाचे सर्वांत सबळ म्हणणे मांडले पाहिजे. ते म्हणतात, सार्वजनिक पैसा हा करदात्यांचा आहे. गावोगावच्या हौशी मंडळांच्या हाती तो बेमुदत देऊन ठेवला तर वशिलेबाजी होईल, नातलगांची सोय लागेल, आणि फळ मिळाले की नाही हे कधीच कळणार नाही. शिवाय ब्रिटिश कोलंबियातील अल्कली लेक या वस्तीचे उदाहरण ते देतात: १९७२ साली तेथील एका दांपत्याने दारू सोडण्याचा निश्चय केला, नवरा पुढे वस्तीचा प्रमुख झाला, आणि एकेक घर करीत जवळजवळ सगळी वस्ती व्यसनातून बाहेर आली, तेथे कोणत्या निधीने चमत्कार केला? या आक्षेपांत तथ्य आहे. गावातील संस्थेत गावातील सगळे दोष उतरतात, आणि जो लोकांना सावरण्यासाठी नेमला तोच पुन्हा घसरला, असेही घडते. पण अल्कली लेकच्या त्या परिवर्तनाला दहा वर्षांहून अधिक काळ लागला, हे सांगताना हे लोक घाईघाईने पुढे जातात. आणि हिशेबाविषयी बोलायचे तर मूलनिवासी संस्थांवर हिशेबाचा अभाव हा आरोप मुळीच टिकत नाही. कॅनडाच्या महालेखापालांनी २००२ साली मोजदाद केली तेव्हा असे आढळले की, केंद्र सरकारच्या केवळ चार खात्यांना मिळून एकेका वसाहतीला वर्षाकाठी निदान १६८ अहवाल सादर करावे लागत होते, आणि यांतील पुष्कळ वसाहती पाचशे माणसांपेक्षाही लहान होत्या. म्हणजे सुट्या सोडल्या तर प्रत्येक दीड दिवसाला एक अहवाल. त्यांतील पुष्कळ माहितीचा सरकारकडून काही उपयोगच होत नव्हता, हेही महालेखापालांनीच नोंदविले. तरुण मुलांबरोबर नदीवर जावयाचे की खात्याचा तक्ता भरावयाचा, यातून निवड करण्याची पाळी ज्या कार्यकर्त्यावर येते, त्याच्याकडे हिशेब नाही असे म्हणवते कसे?

काटकसरीची भाषा ज्यांना समजते त्यांच्यासाठी मॅनिटोबातील हॉलो वॉटर या वस्तीचा दाखला आहे. लैंगिक अत्याचाराची प्रकरणे केवळ तुरुंगाकडे न सोपविता अपराधी, पीडित आणि दोघांची कुटुंबे यांना घेऊन वर्षानुवर्षे काम करण्याची एक पद्धती तेथील लोकांनी १९८० नंतरच्या दशकात बसविली. २००१ च्या एका पाहणीनुसार सरकारने तीवर खर्चिलेल्या दर दोन डॉलरांमागे पोलीस, न्यायालये, तुरुंग आदींचा ६.२१ ते १५.९० डॉलर खर्च वाचला, आणि दहा वर्षांत कार्यक्रमात आलेल्या १०७ अपराध्यांपैकी फक्त दोघांनी पुन्हा गुन्हा केला. हे आकडे मी देतो खरा, पण देताना मनास थोडी खंत वाटते. एखाद्या मुलीने रात्री निर्धास्त झोपावे याचे समर्थन तुरुंगाचे भाडे वाचले म्हणून करावे लागणे ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

मला अधिक बोलका वाटतो तो मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लॅलोंद या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. ब्रिटिश कोलंबियातील दोनशेच्या आसपास मूलनिवासी वसाहतींतील तरुणांच्या आत्महत्यांची त्यांनी तुलना केली. देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट मृत्यू काही वसाहतींत होत होते, तर कित्येकांत एकही नव्हता. हा फरक कशाने पडतो ते पाहू जाता असे दिसले की, जेथे स्वशासन होते, जमिनीच्या हक्कासाठी लढा चालू होता, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन यांचा कारभार वसाहतीच्या हाती होता, आणि आपल्या संस्कृतीसाठी स्वतःची वास्तू होती, तेथे तेथे मृत्यूचे प्रमाण घटत गेले होते. आणि जेथे या सहाही गोष्टी होत्या तेथे पाहणीच्या काळात तरुणांची आत्महत्या एकही घडलेली नव्हती. या सहांत मनोरुग्णालय नाही. ज्याला आपल्या उद्याच्या कारभारात आपला हात आहे असे दिसते त्याला उद्यापर्यंत जगावेसे वाटते, असा माझ्या मते त्याचा अर्थ आहे. आणि म्हणून निधी किती, याइतकाच तो कोणाच्या सहीने खर्च होतो हा प्रश्नही उपचाराचाच भाग ठरतो.

पैसा नाही, हे कारण तर कॅनडाने स्वतःच निकालात काढले आहे. मॅनिटोबातील नॉर्वे हाउस येथील जॉर्डन रिव्हर अँडरसन हा दुर्धर आजारी बालक घरी नेण्याजोगा झाला असताही, त्याच्या घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने सोसावा की प्रांताने, या वादापायी दोन वर्षांहून अधिक काळ रुग्णालयात राहिला आणि २००५ साली, पाच वर्षांचा असताना, घर न पाहताच वारला. संसदेने २००७ मध्ये एकमुखाने ठराव केला की यापुढे आधी सेवा, मग वाद. ठरावाची अंमलबजावणी इतकी मंद झाली की बालहक्क कार्यकर्त्या सिंडी ब्लॅकस्टॉक आदींनी चालविलेल्या खटल्यात मानवाधिकार न्यायाधिकरणाने २०१६ साली सरकारला भेदभावाबद्दल दोषी धरले, आणि अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये २,३३० कोटी डॉलरच्या भरपाईची तडजोड मंजूर झाली. फाउंडेशनला आरंभी मिळालेली रक्कम होती ३५ कोटी. मुलांसाठी वेळेवर खर्च न केल्याचा दंड हा इतका भरता येतो, तर खर्च न परवडण्याची सबब कोणत्या तोंडाने सांगावी? भरपाई द्यावयास हवीच. परंतु भरपाईचा धनादेश एकेकाच्या नावे येतो, आणि मोडलेला असतो तो समाज.

आपल्या पूर्वजांना मुदतीची मंजुरी आणि कायमची नेमणूक यांतील भेद पक्का ठाऊक होता. देवळातला नंदादीप विझू नये असे ज्याला वाटे तो दरसाल तेलाची मंजुरी मागवीत बसत नसे. गावच्या उत्पन्नातून इनाम लावून देई, आणि सनदेत चंद्रसूर्य असेतोवर चालावे असे लिहून ठेवी. दुष्काळाची तगाई निराळी आणि देवस्थानचे इनाम निराळे. याच शहाणपणाचा विसर आपल्यालाही पडला आहे, हे सांगितल्याशिवाय कॅनडाला बोल लावण्याचा अधिकार मला पोहोचत नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, ज्यांच्या कुटुंबांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी देत जगावे लागले, त्यांची सुटका १९५२ साली झाली; कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या नव्या कायद्यांनी आणि पोलिसांच्या जुन्या नजरेने ती ओळख पुसू दिली नाही. त्यांच्या आजच्या तरुणांसाठी वसतिगृहे निघाली, शिष्यवृत्त्या निघाल्या, आणि त्या हव्याच होत्या. परंतु पणज्यापासून उतरत आलेल्या त्या भयाचे व अपमानाचे काय करावे, यासाठी शासनाच्या कोणत्याही सदरात जागा केलेली माझ्या पाहण्यात नाही.

कॅनडापुरते पाहू जाता काय करावयाचे हे लिहून ठेवलेले आहे. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली ज्या ९४ शिफारशी केल्या, त्यांतील एकविसावी उपचारकेंद्रांना शाश्वत निधी द्यावा असे सांगते, आणि सहासष्टावी तरुणांच्या स्थानिक संघटनांना बहुवार्षिक निधी देण्याविषयी आहे. या सहासष्टाव्या शिफारशीपोटी २०१९ च्या अंदाजपत्रकात १ कोटी ५२ लाख डॉलर निघाले, पण तेही तीन वर्षांच्या पथदर्शी प्रयोगासाठी. शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या प्रयोगाला उत्तर म्हणून तीन वर्षांचा प्रयोग! उलट निवासी शाळांनी केलेल्या हानीबद्दल ३२५ वसाहतींनी मिळून लढविलेल्या दाव्यात, मार्च २०२३ मध्ये, २८० कोटी डॉलरचा जो न्यास मंजूर झाला, त्याची घडण मला योग्य वाटते: सरकारपासून स्वतंत्र, मूलनिवासींच्या मंडळाच्या हाती, वीस वर्षांच्या दृष्टीने आखलेला, आणि भाषा, संस्कृती, वारसा व स्वास्थ्य ही चार प्रयोजने एकत्र ठेवणारा. त्यात दोष एवढाच की तो अंदाजपत्रकातून आला नाही, कोर्टातून आला, आणि म्हणून दावा लावणाऱ्यांपुरता राहिला. विनिपेगच्या किंवा टोरांटोच्या एखाद्या गल्लीत, वसाहतीपासून तुटून वाढणाऱ्या मुलाची त्याने सोय लागेलच असे नाही. याच धर्तीचा दुसरा न्यास, मूळ रक्कम अबाधित राखून उत्पन्नावर चालणारा, शहरांतील अशा तरुणांसाठी संसदेने स्वतः होऊन निर्माण करावा. मुलांच्या त्या २,३३० कोटींच्या भरपाईच्या दशांशाइतके भांडवल धरले, तरी शेकडा चार दराने वर्षाला नऊ कोटींहून अधिक डॉलर होतात, आणि मार्चअखेरीस ते कोणापुढे हात पसरून मागावे लागत नाहीत.

ही मागणी करणाऱ्यांत मराठी माणसेही असावयास हरकत नाही. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन येथे स्थिरावलेली आपली हजारो कुटुंबे आज त्या देशाचे कर भरतात, मते देतात, गणेशोत्सव करतात, आणि रविवारच्या वर्गात मुलांना मराठी शिकवितात. त्यांच्या घरांपासून ब्रँटफर्ड येथील मोहॉक इन्स्टिट्यूटची इमारत मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे. त्या निवासी शाळेत १९७० पर्यंत मुले कोंडली जात होती, आणि आपल्या भाषेत बोलण्याची त्यांना मनाई होती. नवागतांनी इतिहासाचे पाप केलेले नाही, हे खरे. पण त्या भूमीचे उत्पन्न ते खात आहेत, आणि पुढच्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघातील उमेदवार दारी आला की, स्थलांतराचे नियम आणि घरांच्या किमती यांच्या जोडीने, सहासष्टाव्या शिफारशीचे काय केलेत, एवढा एक प्रश्न विचारणे त्यांना शक्य आहे.